अडयांमधली मोकळी जागा

१

ती मोकळी जागा पहिल्यांदा दिसली तो डिसेंबरचा दुसरा रविवार होता की तिसरा, हे सत्यवानराव तोंडवळकरांना आज छातीठोकपणे सांगता येत नाही. वही म्हणते दुसरा. आठवण म्हणते तिसरा, कारण त्या सकाळी तुळसाने फेरीतल्या सगळ्यांसाठी घावणे आणले होते, आणि घावणे ती महिन्याच्या तिसऱ्या रविवारी आणते. वही त्यांनीच लिहिलेली, आठवणही त्यांचीच. मुंबईच्या कॉलेजात पस्तीस वर्षं संख्याशास्त्र शिकवलेल्या माणसाने या दोघांपैकी कोणाचं खरं मानायचं हे एव्हाना ठरवायला हवं होतं. पण सत्यवानरावांचा स्वभाव असा, की दाराला कुलूप घालून पायऱ्या उतरले तरी परत वर जाऊन ते ओढून बघायचे, आणि फाटकापर्यंत पोचल्यावर आपण खरंच ओढून बघितलं का, याचा विचार करत उभे राहायचे.

एका गोष्टीबद्दल मात्र त्यांच्या मनात शंका नव्हती. ती म्हणजे फेरी.

निवृत्त होऊन गावी आले त्याच वर्षी त्यांनी ती सुरू केली. गाव मालवणपासून आत, सड्याच्या खाली. गावाला पाटबंधाऱ्याचं एक लहानसं धरण. नोव्हेंबर ते फेब्रुवारी, दर रविवारी साडेसहाला धरणाच्या भिंतीवर जमायचं, काठाकाठाने अर्धा वळसा घालायचा, पाण्यावरची पाखरं मोजायची, कापणी झालेल्या भातखाचरांतून वाट काढत सड्यावर चढायचं. वर जांभ्याचं उघडं पठार, पिवळं पडलेलं गवत, चंडोल आणि माळटिटव्या. तिथे थर्मासमधला चहा प्यायचा आणि ज्याने त्याने आपापल्या घरी जायचं. असे तेरा हिवाळे झाले होते. एकही रविवार चुकला नव्हता. ताप असताना ते मफलर बांधून गेले होते. बहिणीच्या बाराव्यालासुद्धा फेरी आटोपून गेले होते, आणि ते कोणी काढलं की अजूनही कानकोंडे होत. पण "तालुक्यात दुसऱ्या कुठल्या धरणाची अशी वही नाही," हे वाक्य ते पाहुण्यांना फेरीच्या सुरुवातीला ऐकवत आणि चहाच्या वेळी विसरून पुन्हा ऐकवत.

२

तुळसा तिसऱ्या हिवाळ्यात आली. ही शिकलेली माणसं सकाळच्या पारी पाण्याकडे डोळे लावून काय बघतात, एवढंच विचारायला आली आणि राहिली. नवरा लवकर गेला. काजूच्या बागेवर तिने मुलगा शिकवला, आणि सड्याच्या पायथ्याशी स्वतःच्या कमाईचं चिऱ्याचं घर बांधलं. मुलगा आणि सून गोव्यात हॉटेलात कामाला. पुढे नात दिव्याही तिच्याजवळ राहिली.

तुळसाची मोजण्याची तऱ्हा वेगळी होती. तिच्या ओटीत काजूबिया असत. दहा पाखरं मोजली की एक बी ओटीतून खांद्यावरच्या पिशवीत. एकेक पाखरू, न चुकता, न घाई करता. सत्यवानरावांची रीत पुस्तकातली: थव्यातली दहा पाखरं नजरेने धरायची, तेवढा तुकडा पाण्यावर किती वेळा बसतो ते बघायचं. मोठ्या थव्याला असंच मोजतात. जगभर असंच मोजतात.

त्या रविवारी पाण्यावर अडया होत्या, तांबूस, शिट्टी घालणारी लहान बदकं. दरवर्षीच्या.

"किती, तुळसा?"

"एकोणीस बियो आणि वर चार. एकशे चौऱ्याण्णव."

सत्यवानरावांचा आकडा दोनशे छत्तीस होता. "चाळीसभर पाखरं खंय घालवलंस गो?" त्यांनी हसत विचारलं.

"मी कित्याक घालवतलंय? ती नायच आसत थंय. थव्याच्या मधी मोकळां आसा. तुमका दिसना नाय?"

"काकी, आता चष्मो घे," सुशांत म्हणाला. त्याचं तारकर्लीला पाहुण्यांसाठी चार खोल्यांचं घर होतं. पाहुण्यांना घेऊन तो फेरीला यायचा आणि गळ्यात भलामोठा कॅमेरा असायचा.

"तुझ्या कॅमेऱ्याक घाल आधी चष्मो. गेल्या खेपेक कावळ्याक घार म्हणान फोटो पाठयलंस."

सगळे हसले. सत्यवानरावही हसले. मग त्यांनी पाहुण्यांना मोजणीची शास्त्रीय रीत समजावून सांगितली, आणि वहीत तुळसाच्या रकान्यात लिहिलेला आकडा शाईने खोडून त्यावर दोनशे छत्तीस लिहिला. तुळसा घावण्यांचा डबा उघडत होती. तिने बघितलं नाही, असं त्यांना वाटलं.

३

पुढच्या रविवारी त्यांना ती दिसली.

थव्याच्या ऐन मध्यात एक गोल जागा मोकळी होती. घरापुढच्या अंगणाएवढी. अडया तरंगत तिच्या कडेपर्यंत येत आणि वळत. घाबरून नव्हे; आपल्या ओट्याच्या टोकाला पोचल्यावर माणूस सवयीने वळतो तशा. पाणी तिथे इतर पाण्यासारखंच होतं. आकाश त्यात तसंच उतरलं होतं.

कारणं त्यांनी घरी कागदावर लिहिली. पाण्याखाली ऊदमांजर असेल. बुडालेलं जाळं असेल. तळच्या गाळातून वायू निघत असेल. सुशांतने होडी घातली आणि बांबूने तळ चाचपला. गुळगुळीत गाळ, सगळीकडे सारखाच. होडीने पाखरं उठली, तासाभराने परत बसली, आणि ती जागा सोडून बसली.

मग त्यांना डोळ्यांची शंका आली. उतारवयात बुबुळामागच्या पडद्यावर नेमका मध्ये डाग पडतो, हे त्यांनी वाचलं होतं. कणकवलीला जाऊन त्यांनी तपासून घेतलं. डॉक्टर म्हणाले, काका, या वयात असे डोळे मी कमी बघतो. एरवी ही गोष्ट त्यांनी गावभर सांगितली असती. त्यांनी सुशांतकडून फोटो मागवला. फोटोत अडया होत्या आणि मध्ये ती मोकळी जागा होती, भाकरीला वाटीने भोक पाडावं तशी.

म्हणजे तुळसा बरोबर होती. खोडलेला आकडा परत लिहिणं एवढंच काम उरलं होतं.

त्यांनी ते केलं नाही. त्याच महिन्यात पुण्याच्या एका पक्षिमंडळाचं पत्र आलं होतं: आपल्या नोंदी इतरांपुढे आदर्श म्हणून ठेवाव्यात अशा आहेत, त्या आम्ही छापू इच्छितो. पत्र त्यांनी लॅमिनेट करून घेतलं. एक आकडा चुकला म्हटलं की तेरा वर्षांचे आकडे तपासायला निघणार, कारण सगळेच गठ्ठ्याने मोजलेले. तेव्हा त्या रविवारी त्यांनी दोनशे एकतीस लिहिलं. नसलेली पाखरं धरून.

४

जागा दिसू लागल्यापासून दुसऱ्या हिवाळ्यात ती काठाच्या बाजूला सरकली होती. तिसऱ्या हिवाळ्यात ती काठावरच्या चिखलात होती. तिथे अडया नसतात. तुतारी आणि धोबी ही लहान पाखरं शेपट्या नाचवत किडे टिपतात. त्यांनी सगळा चिखल टिपला होता. त्या गोलातला चिखल कोरा होता, त्यावर एका पायाचाही ठसा नव्हता.

तुळसा दर रविवारी तिचा आकडा सांगायची. सत्यवानराव मान डोलवायचे आणि आपला लिहायचे. ती पुन्हा त्या मोकळ्या जागेबद्दल बोलली नाही. फक्त खाचरांतून चढताना तिने आपली वाट थोडी बाजूने काढली, आणि तिच्यामागून चालणाऱ्या पाहुण्यांनीही, कारण न विचारता, तशीच काढली.

चौथ्या हिवाळ्यात ती जागा खाचरात आली. म्हशीमागून चालणारे बगळे कडेला येऊन फाकत आणि पलीकडे परत एक होत. एका दुपारी सत्यवानराव एकटेच तिथे गेले. कडेपासून दोन हातांवर उभे राहिले. आत धसकटं होती, बाहेरही धसकटं होती. नाकतोडे किरकिरत होते, बाहेर. त्यांनी हातातली काठी पुढे करून आतल्या जमिनीवर टेकवली. काठी टेकल्याचं हाताला कळलं. आवाज नंतर आला. अगदी थोडासा नंतर, आणि घुमून, सामान हलवलेल्या मोठ्या खोलीतून यावा तसा.

त्यांनी काठी काढून घेतली. परत टेकवली नाही. घरी आल्यावर त्यांनी स्वतःला विचारलं: आवाज खरंच उशिरा आला, की हात म्हातारा झाला आणि त्याला लवकर कळल्यासारखं वाटलं? याचं उत्तर मिळायला आणखी एकदा टेकवून बघायला हवं होतं. ते गेले नाहीत.

त्याऐवजी त्यांनी नकाशा काढला. चार हिवाळ्यांचे चार ठिपके मांडले. दर हिवाळ्याला साधारण ऐंशी पावलं, आणि चारही ठिपके एका रेषेत. त्यांनी पट्टी ठेवली आणि पेन्सिलीने रेषा पुढे नेली. पाचवा ठिपका तुळसाच्या घरावर पडला. त्यांनी पट्टी सरकवून बघितली, पेन्सिलीला टोक करून बघितलं. घराच्या दाराच्या जरा पुढे, अंगणात.

५

सांगायला पूर्ण पावसाळा होता. सत्यवानरावांनी जूनमध्ये ठरवलं, जुलैत ठरवलं. सांगायचं म्हणजे मुळापासून सांगायला हवं: तुझा आकडा खरा होता, मी तो खोडला, आणि चार वर्षं खोटे आकडे लिहिले. चतुर्थीला तुळसा नेवऱ्या घेऊन आली, तेव्हा त्यांनी हवापाण्याच्या गप्पा मारल्या. दसरा गेला. आपण पट्टीच चुकीची ठेवली असेल, असंही त्यांनी मनाला सांगून बघितलं.

नोव्हेंबरचा पहिला रविवार आला. पाण्यावर, चिखलात, खाचरांत कुठेच मोकळी जागा नव्हती. अडया गच्च बसल्या होत्या. सड्यावर चढल्यावर सुशांत पाहुण्यांना घेऊन टिटव्यांच्या मागे गेला. सत्यवानराव आणि तुळसा कडेच्या कातळावर बसले. खाली तिचं घर सरळ समोर दिसत होतं. पाऊस गेल्यावर तिने अंगण नव्याने केलं होतं, माती चोपून, शेणाने सारवून. वरून ते हिरवट, गुळगुळीत, एखाद्या पाटासारखं दिसत होतं.

"तुळसा, माका तुका कायतरी सांगूचा आसा," ते म्हणाले. मुंबईत आयुष्य गेलेल्या माणसाची मालवणी. घाबरल्यावरच ती त्यांच्या तोंडी येई.

त्यांनी सगळं सांगितलं. चहा थंड झाला.

"तुमी खोडलास तां माका त्याच दिसा कळलां," तुळसा म्हणाली. "घावण्यांचो डबो उघडूक इतको वेळ लागता काय?"

"मग बोललीस नाय ती?"

"तुमची वही. मी कित्याक बोलतलंय? माझे आकडे मी शेजारणीकडसून कॅलिंडराच्या पानामागे लिवन ठेवलंय. सगळे आसत." तिने कपातला थंड चहा गवतावर ओतला. "तो मोकळो जागो पुढे सरता, तां पण म्हायत आसा. खंय चललोहा, तां म्हायत नाय."

सत्यवानरावांनी नकाशा खिशातून काढला, पण उलगडला नाही. ट्रायपॉडवरची मोठी दुर्बीण त्यांनी खाली घराकडे वळवली, भिंग फिरवून चित्र स्वच्छ केलं आणि बाजूला सरले.

तुळसाने बघितलं. बराच वेळ बघितलं.

"कोंबडी," ती म्हणाली.

६

तिची बारा कोंबडी अंगणात होती, सगळी कडेने. भिंतीलगत, तुळशीवृंदावनामागे, वईच्या, म्हणजे काटक्यांच्या कुंपणाच्या, कडेला. मध्यभागी एकही नाही.

तुळसा बाजूला झाल्यावर सत्यवानरावांनी दुर्बिणीला डोळा लावला, तेव्हा एक तांबडी कोंबडी आत शिरली. किड्यामागे असेल. दोन पावलं टाकली, तिसरं टाकलं, आणि ती आड गेली.

सत्यवानरावांनी ते नंतर अनेकदा आठवून बघितलं, आणि त्यांना दुसरा शब्द सापडला नाही. उडाली नाही, पडली नाही, विरली नाही. खांबामागून जाताना जाते तशी गेली: आधी चोच, मग मान, मग अंग, शेवटी शेपूट. खांब नव्हता. तिच्या मागचं वृंदावन आणि दोरीवरचा परकर लख्ख दिसत होता. ती पलीकडून बाहेर येईल म्हणून ते थांबले. सवयीने मनात आकडे मोजले. चाळीसपर्यंत.

"दिव्या उठली," तुळसा म्हणाली. साध्या डोळ्यांनी तिला घराचं दार उघडलेलं दिसलं होतं.

चार वर्षांची दिव्या पायरीवर आली. हातात तांदळाची वाटी.

सत्यवानरावांनी तोंड उघडलं. तुळसाने त्यांच्या मनगटावर हात ठेवला. "हाक मारू नको," ती हळू म्हणाली. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच ती त्यांना अरेतुरे करत होती. "माझो आवाज ऐकल्यान तर सरळ माझ्याकडे धावात. सरळ म्हणजे अंगणातसून. तू बघत रव."

ती उतरली. धावली नाही, दगड घसरले असते, मुलीने वर बघितलं असतं. फेरीत पाखरू उठू नये म्हणून उतरतात तशी, पाय आडवे टाकत, काजूंच्या आडोशाने घराच्या मागच्या अंगाला गेली.

सत्यवानराव बघत राहिले. त्यांना तेवढंच सांगितलं होतं. दिव्याने मूठभर तांदूळ फेकले. दाणे उडताना दिसले. टेकताना दिसले नाहीत. मुलीने मान तिरकी केली, एखादी गोष्ट लांबून ऐकू यावी तशी, आणि एक पायरी उतरली. पुन्हा मान तिरकी केली. हसली. दुसरी पायरी उतरली. पुढची पायरी अंगणाची होती.

दुर्बिणीत त्यांचाच श्वास धुकं धरत होता. त्यांनी श्वास धरला.

दाराच्या काळोखातून एक हात आला आणि मुलीला दंडाला धरून आत घेऊन गेला. वाटी पायऱ्यांवरून गडगडत खाली आली, अंगणात शिरली आणि दिसेनाशी झाली. तिचा आवाज सत्यवानरावांना सड्यावर, एवढ्या लांबून, ऐकू आला. पितळ दगडावर आपटत होतं, आणि बराच वेळ आपटत राहिलं.

थोड्या वेळाने तुळसा मागच्या परसात दिसली. मूल कडेवर होतं. तिने वर सड्याकडे बघून मोकळा हात उंच केला: पाच बोटं, परत पाच, मग एक. लांबून आकडा सांगायची फेरीतली खूण. अकरा.

एवढं होऊनही तिने कोंबडी मोजली होती. तशीच, एकेक. सत्यवानरावांची छाती भरून आली. पस्तीस वर्षांत त्यांच्या हाताखालून शेकडो विद्यार्थी गेले. असं मोजणारं त्यांनी दुसरं पाहिलं नव्हतं.

७

पुढच्या रविवारी धरणाच्या भिंतीवर, पाहुणे आणि सुशांत यांच्यासमोर, त्यांनी वही उघडली. चार हिवाळ्यांचे स्वतःचे आकडे खोडले आणि तुळसाने आणलेल्या कॅलेंडरच्या पानांवरून तिचे एकेक उतरवून घेतले. सुशांत म्हणाला, "सरानू, आता पुण्याक काय कळवतलास?"

"की मोजणारा मी नव्हे, ही आहे," सत्यवानराव म्हणाले. पुण्याला तसं पत्र गेलं. उत्तर आलं नाही. लॅमिनेट केलेला कागद त्यांनी कपाटात उलटा ठेवला.

तुळसाने घर सोडलं. महिनाभरात बागेत दोन खोल्या उभ्या केल्या, जुन्या घराची कौलं, वासे, दाराची चौकटसुद्धा मागच्या बाजूने काढून नेली. कोणी विचारलं तर सांगायची, "माझां मी बांधलंय, माझां मी मोडलंय." दिव्याला आईबापाकडे पाठवलं. अंगणाच्या भोवती तिने करवंदीची जाड वई घातली, माणूस जाणार नाही अशी.

फेरी चालू राहिली. त्याच वेळी, त्याच वाटेने, फक्त पुढे तुळसा आणि मागे सत्यवानराव. पाहुण्यांना ते आता सुरुवातीला एकच वाक्य ऐकवतात: आज पाखरं या बाई मोजतील, तुम्ही गप्प राहा. ते म्हणताना त्यांची मान जराशी ताठ होते.

त्यांच्या रेषेप्रमाणे ती जागा पुढच्या हिवाळ्यात सड्याच्या उतारावर जायला हवी होती. ती गेली नाही. दुसऱ्या वर्षीही नाही. घाट संपल्यावर माणूस बसतो, तशी ती त्या अंगणात बसली.

चार वर्षांनी, गेल्या फेब्रुवारीत, सत्यवानरावांनी ठरवलं की एकदा मोजून घ्यायचं. ऐंशीव्या वर्षी माणसाच्या मनात शंका उरलेल्या बऱ्या नव्हेत. अंगणाच्या चार कोपऱ्यांना चिरे होते, तुळसाने घर बांधताना बसवलेले. दोघांनी कोपऱ्यांपाशी वई मोकळी केली आणि पन्नास मीटरचा टेप बाहेरच्या अंगाने फिरवला. लांबी आठ मीटर. रुंदी सहा मीटर. समोरासमोरच्या बाजू सारख्या, चारही कोपरे काटकोनात. अशा अंगणाचा कर्ण, म्हणजे तिरकं अंतर, दहा मीटर भरतो. हे शाळेतल्या पोरालाही येतं.

आत कोणी गेलं नाही. तुळसाने एका चिऱ्यावर टेपचं टोक धरलं. सत्यवानराव टेप सोडत बाहेरूनच फिरून समोरच्या चिऱ्यापाशी आले आणि त्यांनी तो ताणला. टेप अंगणावरून सरकत आला, सुतासारखा सरळ झाला. त्यांनी आकडा वाचला, मग जागा बदलून तुळसाला वाचायला लावला. मग दुसरे दोन कोपरे घेतले.

एक कर्ण बारा मीटर चाळीस. दुसराही बारा मीटर चाळीस.